फुलांचा सोफा ठेवूनही हॉल नवा करता येतो

ताई, तुमचा प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. लातूरचं घर, नव्वदच्या दशकातला सागवानी सोफासेट, एक थ्री-सीटर आणि दोन खुर्च्या, क्रीम कापडावर तळहाताएवढे मरून गुलाब आणि शेवाळी पानं. सासूबाईंनी हौसेनं घेतलेला, म्हणून तुम्हाला तो काढायचा नाही. मुलाचं म्हणणं, राखाडी एल-शेप आणा आणि फॉल्स सीलिंग करा, नाहीतर हॉल जुनाटच दिसणार. भिंतींना गुलाबी डिस्टेंपर, खाली शहाबादी फरशी, समोर छतापर्यंत काचेचं शोकेस.

सोफा ठेवा. पडदे आणि सोफ्याच्या कापडाच्या धंद्यात माझं आयुष्य गेलंय, आणि तुमच्यासारखे हॉल मी खूप पाहिलेत. हॉल जुना दिसतोय तो या सोफ्यामुळे नाही. फोटोत बघा, सोफ्यावर फुलं आहेत, पडद्यांवर आहेत, गालिच्यावर आहेत, दिवाणाच्या चादरीवर आहेत, शोकेसमध्ये प्लास्टिकची आहेत, भिंतीवर स्टिकरचीही आहेत. शिवाय भिंत गुलाबी. एवढ्या गर्दीत सासूबाईंचा गुलाब दिसतच नाही. हॉलमध्ये फुलं फक्त सोफ्यावर राहू द्या, बाकी सगळं शांत करा. माझा सल्ला मुळात एवढाच आहे, पुढचं सगळं तो कसा अमलात आणायचा याचं.

मुलाला एकदा संभाजीनगरला बीबी का मकबरा नीट दाखवा. चुन्याच्या गिलाव्यात फुलं-वेली उठवल्यात, पण रंग एकच आणि भोवती मोकळी जागा, म्हणून ते नक्षीकाम डोळ्यांना दाटत नाही. आपल्याकडचं हिमरू कापड सूत आणि रेशमाचं, तेही फुलावेलींचंच. आपल्या भागात फुलांची नक्षी कधीच परकी नव्हती, तिला जागा कशी द्यायची हेही इथल्याच कारागिरांनी करून दाखवलंय.

आधी सोफ्याची तब्येत तपासा, कारण आतून खचलेल्या सोफ्याभोवती कितीही रंग काढले तरी उपयोग नाही. पुढचा एक पाय अर्धा फूट वर उचला. तेवढ्यात पुढचा दुसरा पायही जमिनीवरून सुटला तर सांगाडा घट्ट आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला आणि लाकूड पिळल्यासारखं वाटलं, तर सांधे सुटलेत, सुताराला बोलवा. सोफा उलटा करून खालचं कापड थोडं उसवा. बारीक पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड आहे, तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय पुढचं काही करू नका. पिवळी भुकटी पडत असेल तर फोम संपलाय. तीस वर्षांत तो संपणारच, त्यात काळजीचं काही नाही. बैठकीला ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनतेचा, फोम मागा, पाठीला त्याहून मऊ चालतो. दुकानदार हातानं दाबून दाखवेल, त्यावर जाऊ नका. दाबल्यावर कडकपणा कळतो, डेन्सिटी कळत नाही. बिलावर आकडा लिहून घ्या.

फोम बदलला की बैठक पुन्हा भरीव होते, कापड ताणलं जातं आणि त्याच्या निम्म्या सुरकुत्या आपोआप जातात. हे एकच काम करून थांबलात तरी सोफा वेगळा दिसेल.

आता कापड. तुमच्या फोटोत हातांवरचं विरलंय, पाठीचं चांगलं दिसतंय. इथे एक गोष्ट कारागिराला आवर्जून सांगा. थ्री-सीटरच्या मागच्या बाजूचं, भिंतीकडे तोंड असलेलं कापड जवळजवळ कोरं असतं. ते काढून हातांना लावायचं आणि मागे साधं कापड मारायचं. त्या छापाचं कापड आज बाजारात मिळणार नाही, पण तुमच्याच सोफ्याच्या पाठीला ते शिल्लक आहे. जुन्या खिळ्या काढताना फाटू नये म्हणून घाई करू देऊ नका. हातांना लावताना फूल मध्यावर यायला हवं, दोन्ही हातांवर सारखं. कापताना समोर उभ्या राहिलात तर उत्तम.

धुण्याचा विचार असेल तर आधी खालच्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून धरा. मरून उतरला तर पाणी लावायचं नाही, कोरडीच सफाई. रंग उतरत नसेल तरी बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे चट्टे कापडावर वाळून राहतात आणि ते मळापेक्षा वाईट दिसतात. आरओ फिल्टरचं पाणी घ्या, कापड भिजेल इतकं लावू नका, आणि लगेच पंख्याखाली वाळवा.

खालची झालर काढून टाका. सोफा जमिनीपर्यंत झाकलेला असला की तो जड वाटतो, पाय दिसले की खालून फरशी दिसते आणि खोली मोठी वाटते. पाठीवरचे क्रोशाचे रुमालही काढा, पण ते सासूबाईंच्या हातचे असतील तर टाकू नका. गडद कापडावर ताणून एक फ्रेम करा, भिंतीवर ती स्टिकरपेक्षा कितीतरी चांगली दिसेल.

लाकडाचा विषय थोडा लांबवते, कारण त्याकडे कुणी बघत नाही. त्या काळी सागवानाला लालसर गडद रंग देऊन वर चकचकीत पॉलिश मारायची पद्धत होती. तुमच्या सोफ्याचे हात तसेच आहेत. खरं तर जुनाटपणा कापडापेक्षा त्या चकाकीत जास्त आहे. पॉलिशवाल्याकडून जुना थर उतरवून घ्या, खाली सागाचा मधासारखा मूळ रंग निघेल. त्यावर मॅट पीयू, म्हणजे न चकाकणारं पॉलीयुरेथेनचं पॉलिश, किंवा साधं मेण. पुन्हा ग्लॉसी मारायचा आग्रह होईल, त्याला नाही म्हणा. चपड्याचं पॉलिश दिसायला सुंदर, पण पाण्याचा तांब्या आणि गरम चहाचा कप यांना ते टिकत नाही, रोजच्या हॉलला नको.

भिंतीच्या रंगाकडे येते. इथेच बहुतेकांची गल्ली चुकते. सोफ्याला शोभावं म्हणून लोक फुलाचा रंग भिंतीला देतात, तुमचा गुलाबी तसाच आला असणार. फुलाचा रंग भिंतीवर गेला की फूल विझतं. भिंतीला कापडाच्या पार्श्वभूमीचा रंग द्यायचा, त्याहून एक छटा फिका. तुमचं क्रीम पिवळसर आहे, तेव्हा भिंतही उबदार पांढरी हवी. निळसर झाक असलेला शुभ्र पांढरा अजिबात घेऊ नका, त्याच्या शेजारी तुमचं क्रीम कापड मळलेलं दिसेल, कितीही धुतलेलं असलं तरी. मुलाच्या राखाडीचंही तेच. थंड राखाडीजवळ मरून काळपट होतो आणि शेवाळी चिखलासारखा. त्याला गडद काही हवंच असेल तर कापडातल्या पानांचा शेवाळी घ्या, जरा धुरकट करून, आणि तो टीव्हीमागच्या एका भिंतीला द्या. सोफ्यामागे नको.

दुकानातल्या कार्डावरून रंग ठरवू नका. छोटा डबा आणून दोन फूट बाय दोन फुटाच्या हार्डबोर्डवर दोन हात मारा आणि तो सोफ्याच्या मागे उभा करा. सकाळी बघा, दुपारी चारला बघा, रात्री दिवा लावून बघा. तिन्ही वेळा आवडला तरच रंगाऱ्याला त्या छटेचा नंबर द्या.

जुन्या डिस्टेंपरवर थेट इमल्शन मारू देऊ नका. हात फिरवल्यावर बोटांना पावडर लागते ना, त्यावर नवीन रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. खरवडणं, पुट्टी, प्रायमर, मग रंग. आपल्या काळ्या मातीत पाया उन्हाळ्यात आकसतो, पावसाळ्यात फुगतो, म्हणून भिंतींना केसासारख्या चिरा पडतात. पाऊस संपून भिंत वाळली की त्या भरून घ्या आणि दिवाळीआधी रंग उरका.

शहाबादी फरशीला हात लावू नका! म्हणजे काढू नका. फोटोतली फरशी डाग पडून काळवंडलीय, पण दगड चांगला आहे. मशीनचं पॉलिश करून घ्या. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, अ‍ॅसिड त्याला खातं, त्यामुळे संडासाचं अ‍ॅसिड टाकून घासायची जी सवय असते ती सोडा. करड्या दगडावर क्रीम आणि मरून फार छान उठतो. तुमच्या मुलाला हवा असलेला राखाडी तुमच्या पायाखाली आधीच आहे, आणि मे महिन्यात त्या दगडाचा गारवा पांढऱ्या चकचकीत टाइल्स देणार नाहीत. फुलांचा गालिचा मात्र उचला. एकरंगी, जाड विणीची सतरंजी टाका, सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील एवढी मोठी. मधोमध टाकलेली छोटी सतरंजी खोली लहान करते.

पडदे साधे करा. उदगीर तुम्हाला जवळ आहे, राष्ट्रध्वजाची खादी तिथे विणली जाते. जाड सुती खादीचे, न रंगवलेल्या सुताच्या रंगाचे पडदे करून घ्या. दांडा खिडकीच्या चौकटीवर नको, आणखी सहा-आठ इंच वर आणि दोन्ही बाजूंना थोडा बाहेर, पडदा जमिनीपर्यंत. खिडकी दुप्पट वाटते. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावाच. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन दोन उन्हाळ्यांत मरूनचा विटकरी करतं. कूलरची हवा थेट सोफ्यावर येत असेल तर त्याचीही दिशा बदला, दमट झालेल्या फोमला वास लागतो.

उश्या कमी ठेवा, थ्री-सीटरवर तीन पुरे. दोन एकरंगी शेवाळी, आणि एक बारीक चौकड्याची किंवा पट्ट्यांची. सोफ्यावरचं फूल मोठं आहे, तेव्हा दुसरी नक्षी बारीक हवी, नाहीतर दोघी भांडतात. खणाची उशी हौस म्हणून एखादी ठेवायची तर मरूनमधलीच.

दिव्यांबद्दल कळकळीनं सांगते. भिंतीवरची ती एक पांढरी ट्यूब तुमच्या हॉलचं सगळ्यात जास्त नुकसान करतेय. तिचा प्रकाश निळसर असतो, साधारण ६५०० केल्विन, त्यात क्रीम आणि मरून दोन्ही निर्जीव दिसतात. ट्यूब अभ्यासाला आणि झाडझूड करताना राहू द्या, पण संध्याकाळसाठी ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उबदार प्रकाशाचे, दोन-तीन वेगळे दिवे करा, एक खुर्चीशेजारी, बसल्यावर खांद्याच्या उंचीला. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त लिहिलेले घ्या, लाल रंग त्यातच खरा दिसतो. फॉल्स सीलिंगची गरज नाही. तुमचं छत काही फार उंच नाही, ते आणखी खाली कशाला आणायचं?

शोकेसबद्दल सुताराशी बोला. वरचा काचेचा भाग काढून खालचा कपाटाचा भाग ठेवला तर तोच टीव्ही युनिट होतो. सोफ्याच्याच रंगाचं पॉलिश करा. पूर्णच ठेवायचं ठरलं तर वरून अँगलनं भिंतीला बांधून घ्या. लातूरकरांना १९९३ नंतर याचं कारण सांगायला नको. टीपॉय तेवढा नवा घ्या, कोरीवकाम आणि काच नसलेला, सरळ पायांचा.

आणि एल-शेप. भाद्रपदात तुमच्याकडे महालक्ष्म्या बसतात असं तुम्हीच लिहिलंय. तीन दिवस हॉल रिकामा करायचा असतो, मखर, फराळाची आरास, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका. तुमच्या दोन सुट्या खुर्च्या दोघं मिळून आतल्या खोलीत नेतात. एल-शेपचा तो कोपरा कुठे न्याल? मुलाला हा प्रश्न विचारा, तो स्वतःच उत्तर देईल. त्याचंही काहीतरी राखायचं तर टीव्हीची भिंत, दिवे आणि टीपॉय त्याच्या निवडीवर सोडा.

पैसे एकदम नसतील तर आधी फोम आणि दिवे, मग भिंती, मग लाकडाचं पॉलिश, पडदे आणि फरशी नंतर. सगळं एकत्र करणार असाल तर क्रम वेगळा. सोफा कारागिराकडे रवाना करा, घरात आधी वायरमन, मग भिंतींची पुट्टी, मग फरशीचं पॉलिश, आणि रंगाचा शेवटचा हात त्यानंतर. फरशीच्या मशीनचं पाणी भिंतींवर उडतं, म्हणून रंगारी कितीही घाई करो, हा क्रम मोडू नका.

भिंतीची छटा ठरवायला मदत हवी असेल तर सोफ्याच्या मागच्या कोऱ्या कापडाचा फोटो टाका, सकाळी दहाच्या सुमारास, ट्यूब बंद करून, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून. कागदाशी ताडून क्रीममध्ये पिवळा किती आणि गुलाबी किती ते सांगता येईल.