स्टुटगार्टला येताय? मग तुर्कांचा हिशेब आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातून स्टुटगार्टला यायचंय, वर्षाला 62,000 युरोची ऑफर आहे, बायकोही आयटीत, मुलगी सात वर्षांची, वाकडला फ्लॅट. दोन-तीन वर्षं राहून पैसे साठवायचे आणि परतायचं. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'भारतीय तर जर्मनांपेक्षाही जास्त कमावतात. तुर्क लोक साठ वर्षं राहून केबाब आणि टॅक्सीच्या पुढे गेले नाहीत. मग आपल्याला कसली काळजी?'

व्हिसाच्या कागदांची यादी दूतावासाच्या संकेतस्थळावर आहे, ती इथे उतरवत बसत नाही. लिहायला बसले ते या शेवटच्या वाक्यामुळे. ते पुण्यातल्या चहाच्या टपरीपासून इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि दर वेळी डोक्यात जातं.

आकडा खोटा नाही. जर्मनीत पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या भारतीयांचा मधला पगार महिन्याला 5,000 युरोंच्या वर आहे, जर्मनांचा 4,000 च्या आसपास. पण हा आकडा चाळणीतून गाळून आलेल्या लोकांचा आहे. ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळणारा राहण्याचा परवाना, 2012 साली सुरू झालं. त्याला सहसा मान्य पदवी लागते आणि किमान पगाराची अट असते. 2025 साली ती वर्षाला 48,300 युरो होती, आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रांत 43,759.80. म्हणजे कमी पगाराचा माणूस त्या दारातून आतच येत नाही. दारावरच उंची मोजून घ्यायची आणि मग आत सगळे उंचच कसे म्हणून कौतुक करायचं, असा हा प्रकार.

तुर्कांच्या वेळीही चाळणी होती, फक्त उलट्या कामासाठी. 30 ऑक्टोबर 1961 च्या करारानंतर इस्तंबूलच्या जर्मन भरती कार्यालयात डॉक्टर दात, पाठ, फुप्फुसं तपासायचे. माणूस हवा होता तो खाणीसाठी, ओतकामासाठी, कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरच्या कामासाठी. पास झाला की सिर्केजी स्थानकातून रेल्वेने म्युनिक, फलाट क्रमांक 11, तिथून रुर हा कोळसा-पोलादाचा पट्टा किंवा कोलोन किंवा तुमचं स्टुटगार्ट. भाषा शिकवायची सोय नव्हती, कारण माणूस दोन वर्षांनी परत जाणार असं कागदावर ठरलेलं होतं. ही दोन वर्षांची अट 1964 मध्ये निघाली. दर दोन वर्षांनी नवा गडी शिकवून तयार करणं कारखानदारांनाच परवडेना.

23 नोव्हेंबर 1973 ला, तेलसंकटाच्या तोंडावर, भरती बंद झाली. तोवर साडेआठ लाखांहून जास्त तुर्की कामगार येऊन गेले होते. खरा घोळ इथून सुरू झाला. एकदा गेलं की परत येता येणार नाही म्हटल्यावर जाणारे थांबले. 1 जानेवारी 1975 पासून बालभत्ता पूर्ण मिळणार तो फक्त जर्मनीत राहणाऱ्या मुलांसाठी, गावी असलेल्यांसाठी कमी. मग आजीकडे ठेवलेली मुलंही आली. 1974 नंतर आलेल्या बायकांना कामाची परवानगी मिळणं अवघड होतं, म्हणजे घरात एकच पगार. आणि पुढच्या काळात ज्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांच्यासाठी माणसं आणली, तेच एकेक करून बंद होत गेले. रुरमधली शेवटची कोळशाची खाण 2018 च्या डिसेंबरात बंद झाली. केबाबचं दुकान काढणं ही हौस नव्हती. पन्नाशीत नोकरी गेलेल्या, भाषा न शिकवलेल्या माणसाला उधारीवर आणि घरच्यांच्या श्रमावर उभा करता येईल असा तो धंदा होता.

1983 मध्ये सरकारने परत जाण्यासाठी पैसेही देऊ केले: 10,500 मार्क, दर मुलामागे आणखी 1,500. अट अशी की कुटुंबासकट कायमचं जायचं. पेन्शनमधला स्वतःचा वाटा परत मिळायचा, मालकाने भरलेला अर्धा इथेच राहायचा. तुमच्याही पगारातून 9.3 टक्के पेन्शनला जातील आणि तेवढेच कंपनी भरेल. तेव्हा निघताना 'पैसे काढून घेऊ' असं कोणी सुचवलं तर आधी कोणता अर्धा मिळतो ते विचारा. 2017 पासून भारताशी सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे. पेन्शनचा हक्क मिळायला लागणाऱ्या 60 महिन्यांत भारतातल्या भविष्य निर्वाह निधीचा काळ धरता येतो.

आता तुमचे 62,000. कर आणि विमे जाऊन, तिसऱ्या करवर्गात (विवाहितांचा, कमी कर कापणारा), महिन्याला हातात साधारण 3,600, वर मुलीचा बालभत्ता, 2025 साली 255. पण तिसरा वर्ग बायको इथे राहायला आल्यावरच मिळतो. तुम्ही आधी एकटे येऊन सहा महिने काढलेत, तर तेवढे महिने एकट्या माणसाचा पहिला वर्ग आणि हातात बरेच कमी. स्टुटगार्टमध्ये तीन खोल्यांचं घर हीटिंगसकट 1,500 ते 1,800. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं. ती तीन हप्त्यांत द्यायचा कायदेशीर हक्क आहे, पण घरमालक हे आपणहून सांगत नाही. स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी रिकामं, ओटा आणि सिंकसुद्धा तुम्ही बसवायचं. तुर्कांना कंपनीच्या वसतिगृहात एका खोलीत चार-सहा जण राहून पैसे गावी पाठवता आले. तुम्हाला तशी सोय नाही. एका पगारावर पहिल्या वर्षी शिल्लक पडली तर नशीब समजा.

म्हणून बायकोचा पगार ही खरी किल्ली आहे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी असते, व्हिसासाठी जर्मनची अटही नाही. सोय म्हणून छान, पण सापळा हाच. अट नाही म्हणून भाषा शिकून कोणी येत नाही, आणि स्टुटगार्टच्या मध्यम कंपन्यांत बैठका जर्मनमध्ये चालतात. मागाहून आलेल्या तुर्की बायकांना परवानगी सहज मिळत नव्हती. आपल्या बायकांच्या हातात परवानगी असते, पदवी असते, आणि तरी त्या तीन-तीन वर्षं घरी बसतात. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात दोघांनी जर्मनची किमान ए2 पातळी करूनच निघा (ए1 सगळ्यात सोपी, मग ए2, मग बी1). तुम्ही बी1 केलंत तर ब्लू कार्डावरून कायमचा परवाना 21 महिन्यांत, फक्त ए1 असेल तर 27. ते सहा महिने मंदीच्या वर्षात फार लांब वाटतात.

मंदीचं म्हणते कारण स्टुटगार्ट म्हणजे गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग, आणि त्या धंद्यात सध्या माणसं कमी करणं चालू आहे. पहिले सहा महिने प्रोबेशनचे, दोन आठवड्यांच्या सूचनेवर काढता येतं. बेकारभत्त्यासाठी आधीच्या 30 महिन्यांत 12 महिने विमा भरलेला हवा. मग मूल असल्यास निव्वळ पगाराच्या 67 टक्के, पण 12 महिने भरल्यावर सहाच महिने. नोटीस हातात पडली की तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं. उशीर झाला तर आठवडाभराचा भत्ता कापतात. परदेशी नागरिकांच्या कार्यालयालाही कळवावं लागतं, आणि नवी नोकरी शोधायला मिळणारा वेळ थोडा असतो. तुर्की कामगाराची नोकरी गेली तेव्हा त्याच्यामागे 1963 चा युरोपशी झालेला सहकार्य करार आणि त्यावर उभे राहिलेले राहण्याचे हक्क होते, कामगार संघटना होती. आपल्यामागे यातलं काय आहे, ते निघण्याआधी मोजून बघा.

आणि 'भारतीय' म्हणजे फक्त ब्लू कार्डवाले नव्हेत. साठ-सत्तरच्या दशकांत केरळच्या परिचारिका आल्या, त्यांना आज कोणी धरतच नाही. बर्लिनमध्ये रात्री सायकलवर जेवण पोचवणारी मुलं बरीचशी आपलीच, वर्षाला 140 पूर्ण दिवसांच्या मर्यादेत काम करणारे विद्यार्थी. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टुटगार्ट ज्यात येतं त्याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात 10,000 कुशल कामगार पाठवायची योजना जाहीर केली: चालक, वीजतंत्री, रुग्णसेवक. ही मुलं आली की त्यांची तुलना तुमच्या पगाराशी करायची की 1961 च्या तुर्काशी, ते तुम्हीच ठरवा.

कागदांतलं एकच सांगते, कारण हे मराठी माणसाला हमखास नडतं. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'दिलेलं नाव' या रकान्यात जातं. इथे तो सगळा रकाना म्हणजे तुमचं पहिलं नाव. 'स्नेहा प्रकाश' हेच नाव बँकेत, विमा कार्डावर, डॉक्टरच्या फलकावर. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव, पदवीवर वडिलांचं, जन्मदाखल्यावर नुसतं 'मुलगी' आणि नाव कोरं, हे तीन कागद एकाच बाईचे आहेत हे इथल्या नोंदणी कार्यालयाला पटवण्यात महिने जातात. त्यात आपल्या दाखल्यावरचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारने मारलेला शिक्का, जर्मनी मानतच नाही. शंका आली की दूतावासामार्फत भारतात जागेवर पडताळणी, खर्च तुमचा. दुसरं मूल इथे होणार असेल तर जन्मनोंदणी नेमकी यावरच अडकते. महापालिकेतून नाव घातलेला जन्मदाखला आणि तिन्ही कागदांवर सारखी नावं, हे निघण्याआधी करा. एवढं साधं काम, आणि एका कार्यालयातल्या एका टेबलाने यावरून माणसाला किती छोटं करता येतं, ते सांगत नाही.

एकटेपणाबद्दल विचारलंय. असतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद. पुढे.

मुलीची शाळा. इथे मी शांतपणे लिहू शकेन की नाही, ठाऊक नाही.

या राज्यात चौथीनंतर मुलं वेगळी होतात: थेट विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, मधली रेआलशूले, आणि तिसरी खालची, जिला पूर्वी हाउप्टशूले म्हणायचे. तुमची मुलगी दुसरीत बसेल. चौथीच्या नोव्हेंबरात कोम्पास 4 नावाची जर्मन आणि गणिताची परीक्षा होते, फेब्रुवारीत शिक्षकांची शिफारस हातात येते. गिम्नाझियमसाठी परीक्षा, शिफारस आणि पालकांची इच्छा या तिन्हींपैकी दोन जुळावे लागतात. नाही तर आणखी एक चाचणी. म्हणजे तिच्या हातात जेमतेम दोन वर्षं. जर्मन न येणाऱ्या मुलांना आधी पूर्वतयारी वर्गात घालतात. वर्ग चांगला असतो, पण मूल त्यात रेंगाळलं की नेहमीच्या वर्गाचा अभ्यास मागे पडत जातो. पहिल्याच भेटीत विचारा: गणित, खेळ आणि चित्रकलेला नेहमीच्या वर्गात कधीपासून? उत्तर तारखेसकट मागा. दुपारी तिला घरी आणू नका. शाळेतल्या दुपारच्या पाळणाघरात आणि एखाद्या खेळाच्या क्लबात घाला. भाषा तिथे येते, घरी आईने घेतलेल्या शब्दार्थांनी नाही. शिक्षक हसून 'तिला अजून वेळ द्या, रेआलशूले तिच्यासाठी बरी' म्हणाले, तर मान डोलावून येऊ नका. कारण लेखी मागा. आम्ही मान डोलावली होती.

रेआलशूलेतून पुढे व्यावसायिक गिम्नाझियमची वाट आहे, मुलं जातात, विद्यापीठातही पोचतात. हे सगळं मला पाठ आहे. पाठ असून उपयोग होत नाही.

तुर्कांच्या मुलांना सत्तरच्या दशकात कित्येक ठिकाणी वेगळ्या वर्गांत तुर्कीतून शिकवलं गेलं, का तर ती परत जाणार होती. आईबापही तेच म्हणत होते. ती गेली नाहीत, आणि हाउप्टशूलेच्या दाखल्यावर कारखान्याच्या दाराशी उभी राहिली तेव्हा कारखाने माणसं काढत होते. कोविडची लस काढणाऱ्या बायोएनटेक कंपनीचे उगुर शाहीन कोलोनच्या फोर्ड कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. त्यांनाही शिक्षकांनी हाउप्टशूले सुचवली होती, एका जर्मन शेजाऱ्याने मध्ये पडून गिम्नाझियमला घालायला लावलं. असा शेजारी न मिळालेल्या बाकीच्यांना तुम्ही केबाबवाले म्हणताय.

उरला पैसा. पहिल्या पिढीच्या तुर्कांनी बचत गावी घातली: घरं, जमिनी, नव्वदच्या दशकात मशिदीच्या दारात शेअर विकणाऱ्या कंपन्यांत, ज्यातले पुष्कळ पैसे बुडाले. इथे मात्र भाड्याच्या घरात राहिले. आपण वाकड-हिंजवडीत दुसरा फ्लॅट घेतो आणि इथे आपणही भाड्याने राहतो. तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूने भाड्यातून 31.2 टक्के कर कापून भरायचा असतो; बहुतेकांना ठाऊक नसतं, नोटीस आल्यावर कळतं. एनआरई ठेवीचं (अनिवासी भारतीयांच्या बँकखात्यातल्या ठेवीचं) व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे नाही, जर्मनी जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. पीपीएफचंही तेच. पहिल्याच वर्षाच्या विवरणपत्रात दाखवा.

तो फ्लॅट विकून यावं की ठेवावा, असं तुम्ही विचारलंय. हे मला विचारू नका. आमचा बाणेरचा अजून तसाच आहे, कुलूप लावून, आणि दर उन्हाळ्यात भिंतींना ओल आली का ते बघायला कोणीतरी जातं.