ऊन लख्ख असेल तर धोका नाही ना?

प्रश्न : एप्रिलअखेर मनालीहून हामटा खिंडीकडे जातोय. ऊन असेल तर हिमस्खलनाची भीती नाही ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : उलट आहे हो! वसंतात ऊनच घात करतं. रात्री गोठून वरचा थर फरशीसारखा टणक होतो. दिवस चढला की तो मऊ पडतो, वितळलेलं पाणी आत झिरपतं आणि बर्फाची पकड सुटते. सोलांगच्या वर सकाळी माझे बूट जेमतेम बोटभर रुतले होते. दुपारी त्याच वाटेनं परतताना मांडीपर्यंत गेलो. वरून बर्फाचे गोळे लाडवांसारखे घरंगळत होते. ते दिसले की उताराखाली क्षणभरही थांबू नका.

३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. पहाटे निघा, ऊन तापायच्या आत ते ओलांडा, तेही एकेक करून. रात्री ढग असतील, पाणी गोठलंच नसेल, तर जाऊच नका. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममधल्या नथुलाच्या रस्त्यावर भरदुपारी हिमकडा कोसळला, ७ पर्यटक गेले. गाडलेल्या माणसाच्या हातात पंधराएक मिनिटंच असतात, म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गाइडला हे आजच विचारा.