“चांगलं वाचलं की मला लिहूच वाटंना”

“मॅडम, चांगलं काही वाचलं की मला लिहूच वाटंना,” पैठण तालुक्यातल्या एक ताई पहिल्याच भेटीत म्हणाल्या. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) चाळिशीच्या, माहेर पाटोद्याकडचं. दिवसभर शेत नि घर, रात्री भांडी झाली की वही. वाचताना कधी रडू यायचं, कधी चिडचिड व्हायची, आणि सगळ्यात जास्त वाटायचा तो हेवा. त्याची त्यांना फार लाज होती. “दुसऱ्याचं बघून जळणारी बाई काय लिहिणार?” वर्षभरात एक कथा पुरी झाली नव्हती. आता वाचनच सोडावं का, हे विचारायला त्या आल्या होत्या.

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो.

दुसऱ्या भेटीत मी वही मागितली. कथांच्या पानांवर नुसती खाडाखोड, शब्द अवघडलेले. मागच्या बाजूने मात्र वाचलेल्या पुस्तकांबद्दल पेन्सिलने चार-चार ओळी होत्या. एका कादंबरीतल्या दुष्काळाबद्दल लिहिलं होतं: “टँकर आल्यावर बाया अशा बोलत उभ्या राहत नसतेत. आधी घागर नंबराला लागते. घागर पडून मायच्या पायाचं नख निघालं, तरी मायनं नंबर सोडला नव्हता.”

मी त्यांना ते मोठ्याने वाचायला लावलं. शेवटच्या ओळीला आवाज अडकला. “पण हे लिहिणं थोडीच हाय, मॅडम? हे नुसतं मनात आलेलं.” पुढच्या सजवलेल्या कथांमध्ये या मायचा कुठे पत्ता नव्हता.

हेवा वाटला म्हणून माणूस वाईट ठरत नाही. ज्याला स्वयंपाकात रस नाही, त्याला दुसरीच्या पुरणपोळीचा हेवा वाटत नाही. आपल्यालाही काही सांगायचं असतं, तिथेच तो टोचतो. चिडचिडीचंही तसंच, पुस्तकात नसलेलं काहीतरी आपल्याला ठाऊक असतं.

त्या पटकन म्हणाल्या, “पण नाथांनीच म्हटलंय की, ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणं.” (नरोटी म्हणजे नारळाची करवंटी.) खरंय. १५८४ साली संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हाचे ते बोल. पण तो इशारा दुसऱ्याच्या ग्रंथात आपल्या ओव्या घुसडणाऱ्यांना होता. आपलं ताट वेगळं मांडायला नाथांनी कुणाला अडवलं नाही. त्यांचं स्वतःचं भावार्थ रामायण तर १५९९मध्ये देह ठेवला तेव्हाही अपुरंच होतं.

मग ठरवलं: तीन आठवडे कथा बंद, वाचन चालू. पुस्तक मिटलं की दहा मिनिटं लिहायचं. कुठे थांबले, काय झोंबलं, आपल्या घरचं काय आठवलं. पुस्तक चांगलं की वाईट, हे लिहायचं नाही. एक आठवडा सोयाबीनच्या काढणीत गेला, वही उघडलीच नाही. एका पुस्तकानं इतकं रडवलं की त्यावर ओळही उतरली नाही. तेही राहू दिलं. (झोप उडाली असती, जेवण सुटलं असतं, तर मी वेगळी मदत सुचवली असती.)

पाचव्या भेटीला त्या आल्या तेव्हा टँकरची गोष्ट सात पानं झाली होती. माय अजून रांगेतच. “तिचा नंबरच येईना झालाय,” त्या म्हणाल्या. पिशवीत ग्रंथालयातून आणलेलं नवं पुस्तक होतं, मध्ये खुणेला पेन्सिल.