कॉमन ॲपचा (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) निबंध ८२० शब्दांचा झालाय, चालेल का?

नाही चालणार. तिथली मर्यादा २५० ते ६५० शब्दांची आहे आणि ६५० च्या पुढचं फॉर्म घेतच नाही. म्हणजे १७० शब्दांना कात्री लावावीच लागेल.

पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. बरेचदा निबंध खरा तिथेच सुरू होतो. (लांबलचक प्रस्तावना ही आपली शाळेपासूनची खोड!) मग बक्षिसांची यादी उडवा, ती अर्जातल्या वेगळ्या रकान्यात येतेच. शेवटचं ‘यातून मी काय शिकलो’ एका वाक्यात आटपा. पण ओढूनताणून ६५० भरायचीही गरज नाही, ५५० मध्ये सांगून झालं तर थांबा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाला अर्ज करणार असाल तर तिथे हा निबंध लागत नाही. आठपैकी चार प्रश्न निवडायचे, प्रत्येकी कमाल ३५० शब्द.