खडीत रुतणारी चाकं

प्रश्न : दापोलीजवळ आमचं छोटं वॉटर पार्क आहे. पार्किंगमध्ये जांभ्याची खडी पसरली आहे. व्हीलचेअरवरच्या पाहुण्यांसाठी काय करावं?

उत्तर : आधी खडी हटवा. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं तिच्यात रुततात आणि बसलेला माणूस पुढे कलंडतो. सगळं आवार फोडायला नको. प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत दोन जागा आणि तिथून तिकीट खिडकीपर्यंतची वाट, एवढंच काँक्रीट करा. प्रत्येक जागा ३.६ मीटर रुंद, ५ मीटर लांब हवी. अडीच मीटरमध्ये गाडी मावते, पण दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावता येत नाही.

काँक्रीट गुळगुळीत घोटू नका. ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढा. तरी आषाढात शेवाळ धरणारच. ते वरचेवर घासून काढावं लागेल. पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर उतार १.८ मीटर लांब ठेवा, म्हणजे १:१२. फळी टाकून भागवू नका, ती सरकते. गटाराच्या जाळीच्या फटी जाण्याच्या दिशेला आडव्या बसवा, नाहीतर चाक अडकतं.

आणि हो, गर्दीच्या दिवशी या जागांवर बहुधा मालकाचीच गाडी असते! साखळी लावा, किल्ली वॉचमनकडे द्या.