सोलापुरात संस्कृती, तंत्रज्ञान आणि लोक यांना जोडणारा प्रकल्प कमी पैशांत कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजचा गट आहे, पैसे बेताचेच आहेत आणि भुईकोट किल्ल्यात मोबाइल धरला की जुना काळ दिसेल असं ॲप करायचं डोक्यात आहे. स्पष्टच सांगतो, ॲपच्या भानगडीत पडू नका. ते डाउनलोड करणार तुमचे मित्र आणि फार तर परीक्षक. दोन वर्षांत फोन बदलतात, ॲप चालेनासं होतं, आणि तोवर तुम्ही पुण्यात नोकरीला लागलेले असता. शिवाय ज्या लोकांच्या शहराबद्दल ते असतं, त्यांना त्यात करण्यासारखं काहीच नसतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. घरात माग होते, आता मी कॉम्प्युटरवर जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रणेची डिझाइनं करून देतो. त्यामुळे माझं मत चादरीकडे झुकणार, हे धरूनच पुढचं वाचा.

सोलापूरला तंत्रज्ञान बाहेरून आणायची गरज नाही, ते इथे मागावर बसलेलं आहे. फ्रान्समधल्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारी यंत्रणा आणली. तीच कल्पना पुढे चार्ल्स बॅबेजनं त्याच्या गणनयंत्रासाठी घेतली. काम अगदी सरळ आहे. साध्या विणीत एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. कार्डाला भोक असेल तिथे सुई आत शिरते, धाग्याचा हूक जागेवर राहतो, वर जाणाऱ्या पट्टीत अडकतो आणि उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. कार्डांची माळ ओवून मागावर चढवली की मोर उमटतो. हो किंवा नाही, एवढ्यावर सगळा खेळ. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर कार्डाऐवजी फाइल असते, पण तत्त्व बदललेलं नाही.

आता प्रकल्प. शाळेच्या एका वर्गाला चौकटींचा कागद द्या आणि सगळ्यांनी मिळून एक चित्र ठरवू दे. मग प्रत्येक मुलाला त्यातली एकच ओळ द्यायची. तिनं किंवा त्यानं आपल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर काळ्या चौकटीच्या जागी भोक पाडायचं. मग पोरं क्रमानं उभी राहून पट्ट्या एकाखाली एक धरतात आणि चित्र दिसतं. दोघांना जागा बदलायला सांगा, मोराची मान तुटते. वर्गात जो गोंधळ होतो तो बघण्यासारखा असतो! ना वीज, ना नेट, तरी प्रोग्रॅममधला क्रम म्हणजे काय हे पाचवीच्या पोराला कळतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम घडू द्या. मुलं हमखास मोठे काळे पट्टे भरतात. साध्या जॅकार्ड विणीत तसा लांब पट्टा घेतला तर धागा मध्ये कुठेच अडकत नाही, मोकळा लोंबतो, मग बांगडीत अडकून ओढला जातो. म्हणून जुन्या नक्ष्यांत मोठ्या जागा बारीक ठिपक्यांनी मोडलेल्या दिसतात. हे मुलांना तुम्ही नका सांगू. एखाद्या निवृत्त कारागिराला बोलवा आणि त्यांच्याकडून डिझाइन तपासून घ्या. ते पेन्सिल घेऊन खुणा करायला लागले की समजा प्रकल्प जमला.

इलेक्ट्रॉनिक्स हवंच असेल तर दुसऱ्या टप्प्यात. एका खाचेत पट्टी सरकवायची, वर दिवा, खाली स्वस्तातले प्रकाश ओळखणारे सेन्सर आणि एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड. पट्टी गेली की प्रोजेक्टरवर एक ओळ विणली जाते. पट्ट्या माळेत ओवल्या तर आख्खी नक्षी सलग उतरते. आणि शेवटी ते डिझाइन खरोखर मागावर चढवून घ्या. चादर महाग पडली तर छोटा तुकडा विणून घ्या, पण पडद्यावर थांबू नका. पोराला आपली ओळ बोटानं चाचपता आली पाहिजे.

खर्चात कारागिराचं मानधन सगळ्यात आधी लिहा. मागावर मजुरी कामाच्या हिशेबानं मिळते, माग थांबला की कमाई थांबते. "दहा मिनिटं दाखवा की" म्हणून आलेली कॉलेजची पोरं कारखान्यात का आवडत नाहीत, याचं उत्तर यातच आहे. विडी वळणाऱ्या बायकांचंही तसंच, त्यांच्यासोबत काही करायचं असेल तर दिवसभराचा माल देऊन झाल्यावर भेटा.

आवाजांवर काम करायचं असेल तर आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत सापडतात. मागाच्या भागांची नावं चारही भाषांत रेकॉर्ड करा आणि विकिमीडियाच्या लिंग्वा लिब्रे या उच्चार रेकॉर्ड करायच्या साइटवर चढवा. ते खुल्या परवान्याखाली राहतं, तुमची बॅच गेली तरी जात नाही. बोलणाऱ्याला आधी हे नीट सांगून परवानगी मात्र घ्या.

सिद्धेश्वर यात्रेचं काही करणार असाल तर एक सूचना. यण्णिमज्जनाला, म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवशी, नंदीध्वज (मिरवणुकीत उचलून नेले जाणारे उंच ध्वजदंड) शहरातल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, त्या जागांचा लोकांकडून भरून घेतलेला नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर चांगला होईल. पण १३ जानेवारीच्या गर्दीत माइक घेऊन फिरू नका, कुणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. डिसेंबरात नंदीध्वजांचा सराव चालतो तेव्हा जा. मानकऱ्यांना विचारून जा, तेव्हा ते निवांत बोलतात. संक्रांत संपेपर्यंत मागवाल्यांनाही गाठू नका. शाळेचा भाग जानेवारीच्या शेवटी ठेवला तर परीक्षांच्या आधी उरकतो.