रोजच्या बोलण्यातले कोणते शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत, आणि कुठल्या शब्दांचा अर्थच बदललाय?

माझ्याकडून पहिला नंबर 'भारी'ला. ठाण्यात वाढले, लग्नानंतर नवी मुंबईत ऐरोलीला आले आणि सध्या घरात दहावीतला मुलगा आहे, त्यामुळे हा शब्द दिवसातून किती वेळा कानावर पडतो विचारू नका. सिनेमा भारी, वडापाव भारी, क्लासचे नवीन सर भारी, गणिताचा पेपर पण "भारी होता", आता तो सोपा होता की वाट लागली हे त्याच्या तोंडाकडे बघून आपण ओळखायचं.

मध्ये माझी आई राहायला आली होती, तिने भाजणीची थालीपीठं लावली आणि नातवाला विचारलं कसं झालंय रे, तर हा मोबाईलमधून मान वर न काढता "भारी". आई म्हणाली, "भारी म्हणजे? पचायला का?" तिच्यासाठी भारी म्हणजे एकतर वजनाला जास्त नाहीतर किमतीला, लग्नात नेसायची ती भारी साडी. खरं सांगू, अर्थ सरकला याचं मला काहीच वाटत नाही, माझा राग वेगळाच आहे. ह्या एका शब्दाने खमंग, खुसखुशीत, लुसलुशीत, चटकदार सगळ्यांना घराबाहेर काढलंय. थालीपीठ खमंग असतं, चकली खुसखुशीत, इडली लुसलुशीत, आणि तिघांनाही भारी म्हटलं तर मग बाबा तू खाल्लंस काय ते मला कळणार कसं?

'अक्षरशः'चं पण तेच. शब्दाला शब्द, अक्षराला अक्षर म्हणजे अक्षरशः. आता ऑफिसमध्ये मैत्रीण रोज अक्षरशः मरते, कधी हसून, कधी उन्हाने, कधी बॉसमुळे (आणि हो, मी पण म्हणते, काल रबाळ्याला गाडीत चढताना मी अक्षरशः चेंगरले होते, आत्ता टाईप करतेय म्हणजे फार काही झालं नाही).

अर्थ बदलण्यावरून मात्र लोक उगाच भांडतात असं माझं मत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं "सेक्रेटरींच्या अपरोक्ष मीटिंग घेतली", तर एक रिटायर्ड काका लगेच आले, अहो परोक्ष म्हणजे नजरेआड, अपरोक्ष म्हणजे डोळ्यासमोर, तुम्ही उलटं लिहिलंय. संस्कृतप्रमाणे काका शंभर टक्के बरोबर, वेदान्तातली अपरोक्ष अनुभूती म्हणजे थेट स्वतःला आलेला अनुभव. पण मराठीत आता सगळे अपरोक्ष म्हणजे पाठीमागे असंच समजतात, काकांचं ऐकून मी बरोबर लिहिलं तर वाचणारा नेमका उलटा अर्थ घेणार. मी तर तो शब्दच सोडलाय, सरळ "त्यांच्या मागे" लिहिते. आणि राजीनामा घ्या ना, फारसीतून आलेला शब्द, राजी आणि नामा, म्हणजे राजीखुशीने दिलेला कागद. हिंदीत अजूनही त्याचा अर्थ तडजोडपत्र असा होतो, आपल्याकडे नोकरी सोडायचा कागद झाला, मग तो देणारा माणूस राजी असो नसो. त्यावर कुठले काका चिडत नाहीत, कारण तो बदल त्यांच्या जन्माआधीच झालेला.

इकडे राहून सगळ्यात गंमत वाटते ती 'लोकल'ची. लोकल पकडायची असते, लोकल चार्जर महिन्यात बंद पडतो, आणि "आम्ही इथले लोकल आहोत" म्हटलं की समोरचा पार्किंगवरून वाद घालायचा थांबतो. एकच शब्द, आधी गाडी, मग डुप्लिकेट माल, मग भूमिपुत्र. तसंच 'गाव'. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० ला स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, शेतं गेली पण गावं तिथेच राहिली, म्हणून वाशीतला माणूस "जरा गावात जाऊन येतो" म्हणतो तेव्हा तो रस्ता ओलांडून वाशी गावात मासे आणायला गेलेला असतो. माझे सासरे "गावाला" जातात ते मात्र साताऱ्याला. आणि 'साडेबारा टक्के' हे इथे व्याज नाहीच, जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्यांना परत मिळणारा प्लॉट. बाहेरून आलेल्या माझ्या कलीगला वाटलं होतं कुठल्यातरी बँकेच्या एफडीची स्कीम आहे, अर्धा तास तो भलत्याच उत्साहात चौकशी करत होता.

'जाम'चं काही सांगत नाही, "घोडबंदरला जाम जाम होता" हे वाक्य आमच्याकडे कुणालाच विचित्र वाटत नाही.

त्याच थालीपीठाच्या दिवशी आई तिच्या वडिलांबद्दल सांगत होती, की ते मामलेदार कचेरीत कारकून होते. आता ठाण्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, मामलेदार म्हणजे काय, उत्तर एकच येणार, मिसळ. ती मिसळ मुळात स्टेशनजवळच्या कचेरीच्या आवारातली म्हणून तिला ते नाव पडलं, आणि मामलेदाराला आपण तहसीलदार म्हणायला लागलो तसा तो शब्द पूर्ण मिसळीच्या मालकीचा झाला. हे सगळं मी मुलाला नीट समजावून सांगितलं. त्याने पहिल्यांदाच मोबाईल खाली ठेवला आणि आजीला विचारलं, "मग पणजोबांना तर्री एक्स्ट्रा मिळायची का?"